न वापरलेल्या पैशाचं व्याज

नदीकाठच्या एका गावात एक कुंभारीण होती. एकटी, पण कामाला वाघ. डोक्यावरून माती वाहून मान अवघडायची, म्हणून गाढव घ्यायला तिने सावकाराकडून शंभर रुपये काढले. दहा महिन्यांचे दहा हप्ते ठरले. दर हप्त्याला दहा रुपये मुद्दल आणि दोन रुपये व्याज.

दिवाळीत तिच्या पणत्या हातोहात खपल्या. पाचवा हप्ता भरताना तिने उरलेलं मुद्दल, पन्नास रुपये, सावकारापुढे ठेवलं. एकदाची सुटले, असं तिला वाटलं.

सावकाराने पैसे मोजले. "आणखी दहा आण. पुढच्या पाच महिन्यांचं व्याज."

"अवो सावकार, पैसा आजपासून तुमच्या पेटीत. त्याचं व्याज मी कशापायी देऊ?"

"दहा महिन्यांचं ठरलंय. लवकर फेड म्हणून मी सांगितलं होतं? दोरखंडवाल्या म्हाताऱ्याने गेल्या साली मुकाट दिलं, तूही दे."

कुंभारणीच्या अंगाचा तिळपापड झाला. दहा रुपयांत तिची दोन महिने चूल पेटायची. आणि या मेल्याला ते कशाचे हवे होते? कशाचेच नाही! म्हाताऱ्यालासुद्धा सोडलं नाही त्याने.

तिने पन्नास रुपये उचलून पदरात बांधले. "व्याज पाच महिन्यांचं घेनार ना? मग पैसाबी पाच महिने माझ्याकडंच ऱ्हाईल."

पाणवठ्यावर तिने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. त्या दिवसापासून गावात कुणी मुदतीआधी छदाम भरेना.

पुढच्या महिन्यात, सहावा हप्ता झाल्यावर, शेजारगावचा तेलघाणा स्वस्तात विकायला निघाला. सावकाराला तो हवा होता, पण सगळी रोकड कर्जात अडकलेली. तो दारोदार फिरला. लोक म्हणाले, "ठरलंय तसं देऊ की!" शेवटी तो कुंभारणीच्या अंगणात आला.

"चार महिन्यांचं व्याज सोडतो बाई. मुद्दल दे."

"समद्या गावाला सोडा. आन् आधी त्या म्हाताऱ्याचं परत करा."

दोन-चार रुपयांसाठी सावकाराने तीन दिवस घासाघीस केली. चौथ्या दिवशी त्याने सगळ्या गावाचं पुढचं व्याज सोडलं आणि म्हाताऱ्याच्या हातावर पैसे ठेवले, तेव्हा कुठे कुंभारणीने चाळीस रुपये मोजून दिले. गावकऱ्यांनीही दिले. थैली घेऊन सावकार धापा टाकत शेजारगावी पोचला, तर घाणा सकाळीच विकला गेला होता. मला विचाराल तर बरंच झालं.

तात्पर्य: पैसा जितके दिवस वापरला, तितक्याच दिवसांचं व्याज द्यावं, जास्तीचं कुणी मागितलं, तर गप्प बसून देऊ नये.