भेगेवरची चुन्याची पट्टी

एका नगरात जुन्या दगडी वास्तूंची दुरुस्ती जाणणारे एक वृद्ध स्थपती राहत होते. देवळे, तटबंद्या, कातळात कोरलेली लेणी, जे जे काळाने खचत चालले असेल ते दाखवायला लोक त्यांना दुरून येऊन घेऊन जात. मात्र नगरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असलेल्या एका प्राचीन लेण्यात ते चाळीस वर्षांत एकदाही गेले नव्हते. तरुणपणी त्यांनी तिथे सात वर्षे राहून काम केले होते, हे सर्वांना ठाऊक होते. पुन्हा का गेले नाहीत, हे कोणी विचारले नव्हते.

त्यांचा एक शिष्य होता. हाताचा कुशल, बोलायला मृदू, नुकताच नावारूपाला आलेला. त्या लेण्याचे काम आता त्याच्याकडे आले होते. नगरातल्या एका थोर व्यापाऱ्याने तिथे मोठा धर्मसमारंभ योजला होता. पौर्णिमेला सभामंडपात तीनशे माणसे बसायची होती. त्याआधी शिष्याने फक्त एक शब्द द्यायचा होता, की छत भक्कम आहे.

तोच शब्द त्याला देता येत नव्हता. छताला एक जुनी भेग होती. स्थपतींच्या रीतीप्रमाणे त्याने भेगेवर आडवी, चुन्याची पातळ पट्टी लावली होती. कातळ जरासा जरी हलला तरी अशी पट्टी तडकते. पौर्णिमेला बारा दिवस उरले असताना एका सकाळी त्याला पट्टीवर केसाएवढी रेघ दिसली. आसपास कोणी नव्हते. त्याने बोटभर ओला चुना घेतला आणि अंगठ्याने ती रेघ बुजवून टाकली. चुना सुकताना तडकतोच, असे त्याने स्वतःला समजावले. पण तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. भेगेखालून जाताना त्याची मान आपोआप खांद्यात जाई. मग तो तिथून जायचेच टाळू लागला. पलीकडे काम करणाऱ्या गवंड्यांना मात्र त्याने काही सांगितले नाही.

शेवटी तो गुरूंकडे गेला. "आपण एकदा येऊन छत पाहावं," तो म्हणाला. "आपण ठीक म्हणालात, की माझ्या मनावरचं ओझं उतरेल." रेघेबद्दल तो बोलला नाही.

गुरूंनी एकदा आपल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाले, "चल."

दुपार कलताना दोघे लेण्यापाशी पोहोचले. गुरूंना प्रत्येक दगड ओळखीचा होता. पाण्याचे टाके आले, तेव्हा त्यांनी ओंजळीने पाणी पिऊन पाहिले. एका लहानशा कोठडीत डोकावून ते म्हणाले, "इथे मी झोपत असे." उंबऱ्याच्या दगडावर छिन्न्या घासून पडलेली खोलगट खूण होती. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवले. शिष्याला बरे वाटले. आपण त्यांना इथे आणून चांगलेच केले, असे त्याच्या मनात आले.

कोठडीच्या पुढे एक दालन दगडमातीच्या भिंतीने बंद केलेले होते. तिथे गुरू थबकले. त्यांचा श्वास मोठ्याने ऐकू येऊ लागला.

"हे जुनंच बंद आहे," शिष्य म्हणाला. "आतलं छत पूर्वी कधीतरी पडलं म्हणतात."

"पडलं," गुरू म्हणाले. त्यांनी आधारासाठी शिष्याचा दंड धरला. पंधरा वर्षांत त्याने गुरूंना भ्यालेले पाहिले नव्हते. उंच शिखरावर बांबूच्या परांचीवरून निःशंक चालणारा हा माणूस एका भिंतीसमोर थरथरत होता.

सभामंडपात व्यापारी वाट पाहत होता. त्याने गुरूंना आदराने नमस्कार केला. मागच्या बाजूला छत इतके ठेंगणे होते, की हात वर केला तर भेगेला लागे. गुरूंनी मान वर करून चुन्याची पट्टी पाहिली. त्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. त्यांनी ठसा पाहिला, मग शिष्याच्या हाताकडे पाहिले. खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी ते नेमके भेगेखाली अंथरले आणि त्यावर मांडी घालून बसले.

"शेठजींना शब्द द्यायचा आहे ना?" ते शिष्याला म्हणाले. "दे. पौर्णिमेपर्यंत मी इथेच बसतो."

"गुरुजी, उठा. थंड आहे खाली."

"तू शब्द दे."

"सांगा, स्थपती," व्यापारी शिष्याला म्हणाला. "मलाही निघायचं आहे."

शिष्याने तोंड उघडले. वाक्य तयार होते. आठ दिवस त्याने तेच घोकले होते. तेवढ्यात वरून चिमूटभर बारीक माती गुरूंच्या पांढऱ्या केसांवर पडली. कदाचित वाऱ्याने पडली असेल, कदाचित पाकोळीने पाडली असेल. गुरूंनी ती झटकली नाही. शिष्याला एकाएकी सगळा डोंगर आपल्या डोक्यावर असल्याचे जाणवले. भेगेच्या आत काहीतरी करकरत आहे असे त्याला ऐकू येऊ लागले. ते खरे होते की त्याचेच दात वाजत होते, हे त्याला कळेना.

"छत..." एवढेच तो म्हणाला. धावत जाऊन त्याने गुरूंना काखेत धरून उचलले आणि जवळजवळ फरफटत अंगणात उन्हात आणले.

व्यापारी मागोमाग बाहेर आला. "हा काय प्रकार आहे?"

"शेठजी, पट्टी तडकली होती," शिष्य धापा टाकत म्हणाला. "मी ती बुजवली. मला शब्द देता येणार नाही."

"म्हणजे छत पडणार?"

"ते मला माहीत नाही. पण गुरूंना मी त्याखाली घटकाभरही बसू देऊ शकलो नाही. तीनशे जणांना कसा बसवू?"

व्यापाऱ्याचा चेहरा कठोर झाला. समारंभ अंगणात होईल, एवढे त्याने सांगितले. शिष्याने उद्यापासून कामावर येऊ नये, हेही सांगितले, आणि तो डोंगर उतरून गेला.

गवंड्यांना बाहेर बोलावून शिष्य गुरूंपाशी येऊन बसला. गुरू सावकाश बोलू लागले.

"त्या बंद दालनात अशीच भेग होती. माझीही पट्टी तडकली होती, आणि मीही ती अंगठ्याने बुजवली होती. काम थांबलं तर माझं नाव जाईल, असं वाटलं. मला भीती वाटली नव्हती असं नाही. इतकी वाटली, की काहीतरी निमित्त काढून मी आत जायचा थांबलो. पण येसा नावाचा पाथरवट रोज आत जात होता. त्याला मी अडवलं नाही. तीन वर्षं तो माझ्या हाताखाली होता. छत त्याच्यावर कोसळून तो गेला, तेव्हा निरोप कोणत्या गावी धाडायचा, हे मला लोकांना विचारावं लागलं. भीतीनं मला खरं तेच सांगितलं होतं, बाळा. मी ते फक्त माझ्यापुरतं ऐकलं. तूही आठ दिवस तेच करत होतास. तुझ्या भीतीला तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा दिसावा, म्हणून मी तिथे बसलो."

"आपल्याला भय वाटलं नाही?"

"वाटत होतं, बसल्यापासून. तू ओढलं नसतंस, तर माझ्यानं उठवलं असतं की नाही, मला ठाऊक नाही."

समारंभ अंगणात पार पडला. छत त्या पौर्णिमेला पडले नाही, पुढच्या पावसाळ्यातही पडले नाही. लोक शिष्याला भित्रा म्हणून हसले, आणि कित्येक महिने त्याला कोणी काम दिले नाही. पुढे कधी कोणी मुद्दाम टोचून विचारले, की तुझे ते छत कोसळले का, तर तो शांतपणे सांगत असे, "नाही, अजून उभं आहे. आणि त्याखाली कोणी बसलेलं नाही."