आधी बिननावाची

फार फार वर्षं झाली. बाणमाळावर तेव्हा विहीर एकच होती, बाभळी मोजून चार होत्या, आणि मेंढरं मात्र इतकी की एक कळप वाट ओलांडून जाईपर्यंत वाटसरूची भाकरी खाऊन व्हायची, असं म्हणतात.

त्या माळावरच्या धनगरवाडीत म्हाकू नावाचा मेंढरांचा वैद्य राहायचा. मेंढी मेली की बाकीचे तिच्यावर माती लोटून मोकळे होत. म्हाकू आधी तिचं पोट उघडून बघायचा. आतड्यातला जंत नखावर घेऊन उन्हात धरायचा. तळ्याकाठच्या ओल्या गवतात चरलेल्या मेंढरांच्याच काळजात चपटे किडे सापडतात, हे त्यानंच पहिल्यांदा ओळखलं. "दव वाळल्याबिगर तळ्याकडं मेंढरं सोडू नगा," असं तो सांगायचा, आणि सांगून होतं न होतं तोच पुढं म्हणायचा, "न जाणो, माझं चुकतबी आसंल."

म्हणून वाडीनं त्याचं नाव ठेवलं होतं न-जाणो म्हाकू. विहिरीवर बायका त्याच्या बायकोला छेडायच्या, "काय गं ठके, आज तुझ्या धन्याला कालवण आवडलं का?" ठकूही कमी नव्हती. "न जाणो!" म्हणायची, आणि विहिरीत हसू घुमायचं.

एका वर्षी पूर्वेच्या वाड्यांमध्ये मेंढरांना देवी आली. माणसांना यायची तशीच ती मेंढरांनाही येते. अंगभर फोड उठतात, डोळे चिकटतात, श्वास घरघरतो. दोन कोसांवरच्या खालच्या वाडीत तर आठ दिवसांत अर्धेअधिक कोंडवाडे रिकामे झाले, आणि तिथल्या कुत्र्यांना राखायला काही उरलं नाही म्हणून ती रडू लागली, असं म्हणतात.

म्हाकू खालच्या वाडीला जाऊन बसला. त्यानं दोन गोष्टी बघितल्या. एकदा देवीतून उठलेल्या मेंढीला पुन्हा देवी येत नव्हती. आणि एका कोकराचा कान काट्यानं फाटला होता, ते आजारी आईला घासून निजायचं, तर त्याला फोड आला तो फक्त त्या कानावर. कोकरू उड्या मारत होतं.

तो परत आला आणि देवळापुढं बसलेल्या लोकांना म्हणाला, "फोडातलं पाणी लोकरीच्या दोऱ्याला लावायचं, आन् त्यो दोरा सुईनं धडधाकट मेंढीच्या कानात ओवायचा. थोडी देवी येईल. मोठी येणार न्हाई."

वाडीचा कारभारी बयाजी तंबाखू चोळत होता. तो थांबला. "नक्की?"

"न जाणो."

"आरं, तुझ्या न-जाणोवर आख्ख्या वाडीच्या मेंढरांचं कान द्यायचं व्हय?"

"नगा देऊ, कारभारी. आधी माझ्या इसांवर बघतो."

वीस मेंढ्या, एवढंच म्हाकूचं धन होतं. त्यानं माळाच्या टोकाला, सगळ्यांपासून दूर, दोन वाघरी ताणल्या. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. एका वाघरीत दोरा घातलेल्या दहा राहणार होत्या, दुसरीत बिनदोऱ्याच्या दहा. दोरा कुणाला घालायचा, ते खड्यांवर ठरायचं होतं.

"खडं कशापायी?" ठकूनं विचारलं. "तुमच्या मेंढ्या, तुमीच निवडा की."

"मी निवडाय बसलो तर तगड्या तेवढ्या दोऱ्याकडं घेईन. मग त्या जगल्या तर दोऱ्यानं जगल्या का तगड्या म्हणून जगल्या, कसं कळावं?"

दहा काळे खडे आणि दहा पांढरे घोंगडीखाली मिसळले. काळा आला तर दोरा. ठकू एकेका मेंढीला धरून खडा काढू लागली. पायानं लंगडणाऱ्या एका तपकिरी मेंढीला काळा आला. तिला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. आणि पाकळीला आला पांढरा.

पाकळीची आई ती जन्मली त्याच दिवशी मेली होती. ठकूनं शेळीच्या दुधात चिंधी बुडवून तिला चोखायला दिली होती, आणि दोन पावसाळे ती ठकूच्या उशाशी निजली होती. ठकूचा हात पाकळीच्या मानेवरून उठेना.

म्हाकूनं तो हात बघितला. मग वाकून त्यानं पाकळीच्या गळ्यात काळ्या खड्याची खूण बांधली, आणि लंगडीला पलीकडच्या, बिनदोऱ्याच्या वाघरीत सोडलं.

दोरे ओवलेल्या कानांवर फोड आले, पिकले, खपल्या धरून गळून गेले. पौर्णिमा झाल्यावर म्हाकूनं खालच्या वाडीतून दोन आजारी मेंढ्या आणल्या, दोन्ही वाघरी एक केल्या आणि सगळ्यांना एकत्र कोंडलं. मग तो बघत राहिला. त्या दिवसांत त्याची दाढी छातीपर्यंत वाढली आणि डोळ्यांची पापणी लवली नाही, असं म्हणतात.

बिनदोऱ्याच्या मेंढ्या एकेक करून बसत गेल्या. लंगडी मात्र बसेना. तीन पायांवर झुलत जाळ्यापाशी आली आणि त्याच्या ओंजळीत तोंड देऊन उभी राहिली. तिचे चिकटलेले डोळे तो कोमट पाण्यानं धूत होता. तीन दिवस ती तशीच उभी होती. चौथ्या दिवशी तिची मान जड झाली. म्हाकूला वाटलं, हाक मारावी, न जाणो, थांबेल. पण तिला हाक मारायला त्याच्यापाशी नावच नव्हतं.

दोऱ्याच्या दहातली एक मेली. बिनदोऱ्याच्या दहातल्या सात मेल्या. पाकळी ठणठणीत होती.

वाडीत वाऱ्यासारखी बातमी पसरली. लोक देवळापुढं जमले. घरातून निघताना ठकूनं म्हाकूचा चेहरा वाचला.

"अवो, त्ये नगा सांगू," ती म्हणाली. "लोक बिथरतील. कुणी मेंढरू पुढं करायचं न्हाई. एका मेंढीपायी समदी मरतील."

"न जाणो, मरतीलबी."

"मग?"

"न्हाई सांगितलं तर दोरा ओढताना माझा हात कापंल, ठके. कापऱ्या हातानं सुई चालत न्हाई."

तो देवळापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "दहा धरू नगा. नऊच धरा. पाकळीला पांढरा खडा आला हुता. मी बदलला. तिच्या जागी लंगडीला धाडली. त्या दोघी बाजूला ठेवा. दोऱ्याच्या नवातली एक गेली. बिनदोऱ्याच्या नवातल्या सा गेल्या. एवढंच खरं हाय."

लोकांत कुजबुज उठली. "एक बदलली, तर आनिक किती बदलल्या आसतील?" कुणी म्हणालं. दोघं-तिघं उठून चालू लागले. म्हाकू खाली मान घालून उभा होता. सगळी वाडी आता आपल्यामुळं मरणार, असंच त्याला वाटत होतं.

बयाजीनं तंबाखू थुंकली. "बसा खाली," तो म्हणाला. "कुणी इचारलं नसताना सांगतोय त्यो. मी नऊ धरल्या." मग तो म्हाकूकडं वळला. "माझ्या कळपात बी एक वाकड्या पायाची हाय. तिच्यापास्नं धर."

म्हाकूनं दचकून वर बघितलं. "आधी तिलाच? मेली तर मरू दे, म्हणून का, कारभारी?"

"न्हाई रं येड्या. मागल्या येळी लंगडीची पाळी हुकली, म्हणून."

त्या दिवशी म्हाकूचा हात कापला नाही. तीन दिवस तो सुई ओवत होता. लोकर संपली तेव्हा ठकूनं आपली घोंगडी उसवून दिली. शेवटी शेवटी मेंढरं आपण होऊन रांगेत येऊन कान पुढं करत होती, असं म्हणतात.

महिना लोटला आणि एका पहाटे देवी बाणमाळावर आली. हिरवं लुगडं नेसलेली, अनवाणी. तिनं पहिल्या मेंढीचा कान बघितला, दुसरीचा बघितला. प्रत्येक कानात दोरा. "अरेच्चा," ती स्वतःशीच म्हणाली, "इथं तर मी येऊन गेलेय." आणि ती माळाला वळसा घालून निघून गेली. तिचा वळसा अजून दिसतो. तिथली वाट उगाचच वाकडी आहे.

आता बाणमाळावर दोरा ओवत नाहीत. सरकारी डॉक्टर बर्फाच्या डब्यातून लस घेऊन येतात. नवा डॉक्टर असला की तो साहजिकच समोरचा देखणा मेंढा धरायला जातो. मग कुणीतरी त्याचा हात हळूच बाजूला करतं. "सायेब, आधी बिननावाची." कळपातून शोधून एखादी लंगडी, एखादी खरजुली, कुणी कधी हाक न मारलेली मेंढी पुढं आणतात. पहिली सुई तिला.

आणि सुई काढल्याबरोबर, तिथंच, तिला नाव ठेवतात.

त्या दिवशी संध्याकाळी कळप परतताना माळावर कान देऊन ऐकावं. ओळखीच्या हाकांमध्ये एक हाक नवी असते. हाक मारणाराही जरा अडखळतो, जीभ रुळलेली नसते. पण ती ऐकून कळपाच्या अगदी मागून कुणीतरी मान वर करतं.