चावडीचं छप्पर

दगड-लाकडं बोलायची त्या काळी एका गावाची जुनी चावडी गळत होती. तिच्या जतनासाठी सरकारी निधी आला. नारळ फुटला आणि सगळ्यात आधी दारात ग्रॅनाइटची कोनशिला बसली. तिच्यावर मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांची नावं कोरली होती.

चावडीचा सागवानी खांब म्हणाला, "बाई, छपराचं तेवढं बघा. माझं डोकं कुजत चाललंय."

"बघू की," कोनशिला म्हणाली. "आधी ही साहेबांची नावं भिजतायत, त्यांचं बघू दे."

कोनशिलेवर झोकदार पत्र्याचं छप्पर झालं आणि निधी तिथंच संपला.

पुढच्या पावसात चावडी कोसळली. कोनशिला मात्र कोरडी ठणठणीत उभी राहिली. ढिगाऱ्यातून खांबानं विचारलं, "बाई, आता जतन कशाचं करणार?"

"माझंच," ती म्हणाली. "माझ्याइतकं जुनं आता इथं उरलंय काय?"