गळती शून्य

तांबेगडच्या राजा उदेभानाने हुकूम काढला. पाठशाळेत दाखल झालेला एकही विद्यार्थी पाठशाळा सोडून जाता कामा नये. शंभर आले, तर वर्षाखेर शंभरच दिसले पाहिजेत!

याला कारण शेजारच्या राज्याचा वकील. तो जेवताना सहज बोलून गेला होता की, आमच्या पाठशाळेत शंभरातले ब्याण्णव टिकतात आणि वीस मुलांमागे एक आचार्य असतो. राजाच्या घशाखाली पुढचा घास उतरला नाही.

मुख्य आचार्य त्रिंबकशास्त्री कामाला लागले. पट मोजायला त्यांनी पुरणपोळीचा दिवस धरला. त्या दिवशी पंगतीत बसेल तो विद्यार्थी. लाकडं टाकायला आलेले गाडीवान बसले, मोजायला आलेला कारकूनही बसला आणि त्याने स्वतःला धरून चारशे अकरा हा आकडा लिहिला. आचार्य कमी पडत होते, म्हणून घंटा वाजवणारा आणि माळी आचार्य झाले. वारलेल्या एका शास्त्रीबुवांच्या खडावा आसनावर ठेवून त्यांच्याकडे व्याकरण सोपवलं. मुलं म्हणाली, आता जरा समजतं. तरी प्रमाण जमेना, तेव्हा विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. सकाळी याने त्याला शिकवायचं, दुपारी त्याने याला. एका विद्यार्थ्यामागे एक आचार्य! माझं गणित पहिल्यापासून कच्चं, पण त्यात पाठशाळेतली माणसं दुप्पट झाली असावीत.

राहिली गळती. तिच्यासाठी फाटकाला कुलूप घातलं. पण शिक्षण पुरं करून घरी निघालेलाही शेवटी जाणाराच, म्हणून त्यालाही सोडेनात. सात वर्षांत पाठशाळेत टक्कल पडलेले विद्यार्थी दिसू लागले. ते पहिला धडा सहाव्यांदा गिरवत आणि चुकतही, कारण कंटाळ्याने तोही विसरत चालले होते.

त्यांच्यातच होता म्हाळू, गावातल्या गोजरा सुईणीचा एकुलता एक मुलगा. त्याची वैद्यकी शिकून तीन वर्षं झाली होती. लग्न ठरलेलं होतं, आणि मुलीच्या बापाने आता शेवटचा निरोप धाडला होता. अक्षय्य तृतीयेपर्यंत नवरदेव मांडवात दिसला नाही, तर मुलगी दुसरीकडे देऊ. गोजराचं म्हणणं, त्या माणसाचं चुकत नव्हतं. फाटकाशी लग्न लावता येत नाही.

ती दरबारात गेली. राजाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीला पीळ दिला.

"ने की मुलाला! मी कुठे अडवतो? फक्त तो बाहेर गेल्यावर कारकुनाच्या तक्त्यात शंभराचे शंभरच राहिले पाहिजेत. आणि त्याच्या जागी दुसरा बसवायचा नाही. आठ दिवस देतो. जमलं नाही तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

प्रधान हसले. त्रिंबकशास्त्री हसले नाहीत; त्यांनी हे गणित करून पाहिलं होतं.

आठ दिवसांतले सहा गोजराने नुसते भाकऱ्या करपवण्यात घालवले. सातव्या दिवशी सकाळी राजवाड्यातून पालखी आली. राणीसाहेबांना कळा सुरू झाल्या होत्या, आणि राज्यात गोजराइतका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. आत जाऊन तिने राणीसाहेबांना तपासलं, धीर दिला, पाणी तापत ठेवायला सांगितलं. सगळं ठीक होतं, अजून वेळ होता. मग ती राणीसाहेबांच्या कानात काही बोलली. कळेच्या मधल्या उसंतीत राणीसाहेब चक्क हसल्या आणि म्हणाल्या, जा, सांग त्यांना.

बाहेर राजा येरझारा घालत होता. त्याने विचारलं, कसं काय आहे आत?

"उत्तम आहे, महाराज," गोजरा म्हणाली. "दाखल एक. नऊ महिने झाले, टिकून एक. गळती शून्य."

"वा!" राजा सवयीने म्हणाला.

"एका बाळामागे सुइणी चार."

"चार! शेजाऱ्यांकडे इतक्या नसतील."

"नसणारच. आता फक्त हा आकडा जपायचा. बाळाला आतच ठेवू या."

राजा थांबला. "म्हणजे?"

"बाहेर आलं की टिकलेल्या एकाचं शून्य होईल, महाराज. आणि ते माझ्या नावावर लागेल. मी गरीब बाई."

"अगं, काय बोलतेस तू! बाहेर येण्यासाठीच तर ते आत राहिलं ना? अर्धवट आलं असतं तर ती गळती. पुऱ्या दिवसांचं बाळ बाहेर येणं याला गळती कोण म्हणेल?"

"तुमचा कारकून म्हणतो."

"तो गाढव आहे! दिवस पुरे झाले की..."

"म्हाळूचे तीन वर्षांपूर्वीच झाले, महाराज."

गोजरा खालच्या आवाजात पुढे म्हणाली, "अर्धवट सोडून पळतील ते गळतीत मोजा. पुरं शिकून जाईल तो गळालेला नव्हे. म्हाळू गेला तरी गळती शून्यच, म्हणजे तुमचे शंभर शंभरच. आता मला आत जाऊ द्या, तक्ता भरायचाय की बाळ आणायचंय ते तेवढं सांगा."

"बाळ आण, बाई, बाळ!" आतून राणीसाहेब ओरडल्या. "आणि त्यांना म्हणावं, एकदा तरी मुकाट्याने हरा!"

राजाला हसू फुटलं. आधी मिशीत, मग पोटातून. तो खांबाला धरून इतका हसला, की आतून ट्यांहा ऐकू आलं तेव्हाही हसतच होता. मुलगी झाली होती, धडधाकट आणि चांगल्या आवाजाची.

त्याच दुपारी पाठशाळेचं कुलूप निघालं. त्रेचाळीस टकलांसकट सगळे शिकलेले विद्यार्थी घरोघर गेले आणि कुणी गळलं असं तक्त्यात आलं नाही. गोजराला सोन्याच्या पाटल्या, म्हाळूला राजवैद्याच्या हाताखाली जागा आणि वरातीला राजाचा हत्ती मिळाला. शास्त्रीबुवांच्या खडावाही राजाने सन्मानाने निवृत्त केल्या. त्यांना मात्र निरोप देताना मुलं खरोखर रडली.