यशोदेच्या मांडीवरची सावली

"...मग सावली अजून गडद करू का, बुवा?"

भार्गवने बोटभर उंचीची मातीची यशोदा पुढे धरली.

पलीकडे पाटावर मठाचं गोकुळ मांडून झालं होतं. गाई होत्या, गवळणी होत्या, मधली जागा तेवढी रिकामी होती. आज अष्टमी. भार्गवची यशोदा सखोबुवांच्या पसंतीस उतरली तर तिथे बसणार, नाहीतर यंदाही जुनीच.

आणि यंदा त्याची आई मुद्दाम गावाहून आली होती, लेकाच्या हातची यशोदा पाहायला. लेकाने वाकून नमस्कार केला आणि लगेच कुंचल्याकडे धाव घेतली. कलावंतांना वेळ कुठला!

बुवांनी यशोदा खिडकीशी नेली. पदराच्या चुण्यांत काळसर निळा, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फिकट रंगाचा बारीक ठिपका. पोराचा हात सुरेख होता, यात वादच नाही.

"मांडी एवढी उजळ कशी रे?"

"वरून उजेड पडतो ना, बुवा." भार्गवला प्रश्न पोरकट वाटला.

बुवांनी वेगळा रंगवलेला बाळकृष्ण उचलला आणि यशोदेच्या मांडीवर निजवला.

"आता?"

भार्गवचे कान तापले. बाळ मांडीवर होतं, पण मांडीला त्याचा पत्ताच नव्हता.

"देतो सावली. आत्ता देतो." त्याने कुंचला रंगात बुडवला.

"किती गडद?"

"थोडी... नाही, बरीच..." कुंचला हवेतच राहिला. "बुवा... मला कळत नाहीये."

बुवांनी हळूच कुंचला काढून घेतला.

"ओसरीवर आई बसलीय तुझी. जा, तिच्या मांडीवर डोकं ठेव."

"आत्ता? सगळ्यांदेखत?"

"जा."

तो गेला.

"अगं बाई! एवढा घोडा झालास आणि..." आई हसली. मग तिने मांडी नीट केली, त्याचं डोकं घेतलं, वरून पदर ओढला. "केसांनासुद्धा रंग लागलाय रे..." त्या माउलीला किती आनंद झाला होता!

बऱ्याच वेळाने भार्गव परतला. डोळे पुसले होते, पण नीट नाही.

"काय पाहिलंस?"

"काहीच नाही, बुवा... डोळेच मिटले गेले."

बुवांनी कुंचला त्याच्या हातात दिला.

"तेवढीच गडद दे."