सरकारांची सरस गिटार

"सगळ्या गिटारी एकसारख्या हव्यात, केसाचाही फरक नको! आणि माझी मात्र सगळ्यांत सरस हवी!"

शिरंब्याचे मर्दानराजे कारखान्यात येऊन असे काही गरजले, की म्हाताऱ्या केरबा सुताराच्या हातून रंधा गळून पडला. त्याची मुलगी सगुणा तेवढी जागची हलली नाही.

"सरकार, सारखी म्हणजे सारखी. त्यात सरस कशी निघायची?"

"ते तू बघ! सगळं मीच सांगायचं, तर मग सुतार कशाला पोसायचे?"

"वाहवा! काय बोललात सरकार!" मागून कारभारी अंताजीपंत म्हणाले.

झालं होतं असं, की दसऱ्याला गोव्याहून एक वादक आला आणि त्याची गिटार ऐकून राजांना वेड लागलं. आपण वाजवायची, चौघा सरदारांनी साथ द्यायची, असं ठरलं. केरबाने नजरेच्या अंदाजाने पहिल्या गिटारी घडवल्या. पण त्याची नजर आता अधू झालेली. त्या चौघांतल्या हैबतरावांच्या गिटारीचं पोट बोटभर मोठं झालं, आणि आपला अपमान झाला म्हणून तुळाजीरावांनी भर दरबारात तलवार उपसली!

तेव्हा सगुणाने फर्मे केले. पातळ फळीतून गिटारीच्या अर्ध्या अंगाचा फर्मा कापला. त्याच्या कडेने एक बाजू आखायची, मग तोच उलटा करून दुसरी; डावं-उजवं कसं जुळी भावंडं! कडेच्या पट्ट्या भिजवून, तापवून वाकवायच्या आणि त्याच आकाराच्या साच्यात आवळून ठेवायच्या, वाळेपर्यंत. पडदे कुठे बसवायचे, त्यासाठी खाचा पाडलेली एक पट्टी. आता केरबाला नजरेची गरजच उरली नव्हती. बोटं फर्म्याच्या कडेवरून फिरवली की झालं. म्हातारा पुन्हा कामाला लागला होता, पुन्हा गुणगुणायला लागला होता.

आणि पाचही गिटारी अशा हुबेहूब उतरल्या, की राजांना स्वतःची ओळखता येईना! तिथेच माशी शिंकली.

"सरकारांच्या गिटारीवर मोती जडवू या," अंताजीपंतांनी सुचवलं.

"मग हैबतरावही मोती मागेल!"

"तर बाकीच्या जरा हलक्या करू."

"आणि तुळाजीला कळलं तर? उद्या फौज घेऊन शेजारच्या राजाला मिळेल! ते काही नाही. पोरी, उद्याच्या दरबारात माझी गिटार सरस करून दाखव. नाहीतर तुझे हे फर्मे माझ्या आंघोळीच्या बंबात जातील!"

"वाहवा!" अंताजीपंत म्हणाले. "पाणी काय कढत तापेल, सरकार!"

राजे गेले. केरबा चाचपडत फर्म्यांपाशी गेला आणि एकेक उचलून छातीशी धरू लागला. ते पाहून सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. रागारागाने ती भुसा झाडायला लागली. झाडता झाडता मध्येच थांबली आणि हसली. "वाहवा!" ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. केरबा आणि सगुणाने पाचही गिटारी ओळीने मांडल्या. कुणी कुठली घ्यायची, त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहिले उठले हैबतराव. त्यांनी मान हलवत तारा छेडल्या. कोपऱ्यात कुणीतरी खुसखुसलं.

"हैबतराव, म्हैस अडली आहे का?" राजांनी विचारलं. दरबार खदाखदा हसला.

तुळाजीराव त्यांच्याहून बरे वाजवत होते, पण मधेच अडखळले. पुन्हा हशा! उरलेल्या दोघांचीही तीच गत झाली. दरबाराचे कान आज भलतेच तिखट झाले होते.

मग राजांनी चिठ्ठीत आलेली गिटार मांडीवर घेतली. एक खुंटी पिळली, तार ओढून पाहिली. टँव!

"वाहवा!" अंताजीपंत ओरडले.

राजांनी खुंटी आणखी पिळली. टँऽऽव!

"क्या बात है!" अख्खा दरबार डोलू लागला. अंताजीपंतांनी उपरण्याने डोळे टिपले. "सरकार, या भैरवीने काळजाचं पाणी केलं!"

"भैरवी?" राजे चकित झाले. "अरे, मी अजून सुरुवातच केली नाही! तार ढिली होती, ती पिळत होतो!"

अंताजीपंतांचं उपरणं डोळ्यांवरच राहिलं.

सगुणा पुढे झाली. "बघा सरकार! पाचही गिटारी एकाच फर्म्यावरच्या, केसाचाही फरक नाही. पण बाकीच्यांना वाजवून नुसता हशा मिळाला, आणि तुमची नुसती पिळली तरी भैरवी निघाली! याहून सरस गिटार पृथ्वीवर कुठला सुतार करील?"

राजांचा चेहरा लालबुंद झाला. हात तलवारीकडे गेला. केरबाने डोळे गच्च मिटले. राजांनी एकवार दरबाराकडे नजर फिरवली. सगळ्या माना एकसारख्या खाली!

"पोरी," ते हळूच म्हणाले, "हे माझे दरबारी कुठल्या फर्म्यावर घडलेत ग? एकातही केसाचा फरक नाही!"

"तो फर्मा आमच्या कारखान्यातला नव्हे, सरकार," सगुणा म्हणाली. "तो वाड्यावरच असतो. गादीवर बसतो."

आणि राजे हसले! असे हसले, की मांडीवरची गिटार घसरली आणि हैबतरावांनी ती झेलली.

"फर्म्यांना हात लावेल त्याचा हात तोडीन!" डोळे पुसत राजे म्हणाले. "केरबा, आमच्या राईतलं हवं ते शिसवीचं झाड तुझं. आणि पोरी, आजपासून अंताजीपंतांच्या शेजारी तुझी बैठक. मी बेसूर झालो, की तोंडावर बेसूर म्हणायचं!"

"हुकूम, सरकार!" सगुणा तिथल्या तिथे ऐटीत मांडी घालून बसली. "मग आधी ती तार लावून घ्या. अजून ढिलीच आहे!"