यसूचं रिकामं आळं

खडपवाडीच्या शाळेमागच्या भाजीच्या मळ्यात मधलं आळं रिकामं का, हे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. भेंडी लागलीय, पडवळ मांडवावर चढलंय, लाल माठ तरारलाय, आणि ऐन मध्यभागी हा नुसता मातीचा ढीग. गावचे भिकूआबा गुरव तिथंच उभे राहून सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज चढतोच. मळा म्हणजे तरी काय, खाली सगळा कातळ. कुदळ मारलीत तर ठिणगी उडेल. इथली चिमूटभर मातीसुद्धा पोरांनी डोक्यावरून आणलेली आहे.

ही गोष्ट खोतांच्या अमलातली. धाडव्यांची यसू नावाची पोर होती. तिची आई ऐन माघात गेली म्हणे. मागं ठेवलं काय, तर भिंतीला शेणात थापलेलं तवशाचं बी. तवसं म्हणजे आपली मोठी काकडी. त्या जातीचं बी वाडीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. आणि यसूच्या बापाकडे स्वतःची म्हणायला वीतभर जमीन नव्हती, सगळी खोताची. म्हणून शाळेच्या पोरांनी कातळावर मळा करायचं ठरवलं, तेव्हा तिनं आईचं सगळं बी तिथं आणून लावलं. त्याआधी उन्हाळाभर पोरं वहाळाच्या, म्हणजे खालच्या ओढ्याच्या, काठची माती पाट्या भरभरून वर चढवत होती. यसूच्या टाळूवरचे केस झिजले असं सांगतात.

पावसात वेल उठले. वानरांनी ओरबाडले, एकच तगला. त्याच्या काकड्या पोरांनी वाटून खाल्ल्या आणि एक बियासाठी राखली. बियाची काकडी वेलावरच पिवळी होऊ द्यायची, तिला हात लावायचा नाही, हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. पण कळून उपयोग काय? नवरात्राच्या सुमाराला खोत शाळा बघायला आला आणि मास्तरांची धांदल उडाली. एवढा मोठा माणूस, त्याला गोड काय घालणार? पिकल्या तवशाचं धोंडस झकास होतं. मास्तरांनी वेलावर कोयती चालवली. बी खरवडून उकिरड्यावर गेलं, ते कोंबड्यांनी टिपलं. खोतानं धोंडस चापून खाल्लं, मिशा पुसल्या आणि मळ्याची तारीफ केली.

यसूनं दोन्ही हातांनी उकिरडा उकरला. सालं तेवढी सापडली. रडली नाही म्हणे.

मास्तर म्हणाले, "अगं, एका काकडीपायी एवढं काय? पुढच्या वर्षी दुसरी लाव."

"कुठलं बी लावू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली, पण वर्गात कुणी गेलं नाही. यसूनं मळ्यातली माती पाटीत भरली आणि वहाळाकडे चालू लागली. मागोमाग सगळी पोरं. भेंडी उपटली, माठ उपटला, वर आणलेली माती खाली नेऊन ओतली. मास्तर आधी विनवू लागले, मग छडी घेऊन धावले. "आम्ही आणली, आम्ही नेतो," एवढंच यसू म्हणाली. सांजेपर्यंत कातळ उघडा पडला.

पोरीचं बियाचं तवसं खाल्लं म्हणून वाडीत खोताची छीथू झाली. त्याच्या दारावरून बाया तोंड फिरवून जाऊ लागल्या. शेवटी, असं सांगतात, तो स्वतः डोक्यावर पाटी घेऊन चढ चढला. खोताच्या डोक्यावर पाटी वाडीनं कधी पाहिली नव्हती. घामानं निथळत त्यानं ती कातळाच्या मधोमध रिती केली.

"झालं समाधान, पोरी?"

यसूनं मातीकडे पाहिलं. "माती आणलीत. आता बी आणा."

कणग्या भरलेल्या होत्या खोताच्या, पण ते बी त्यांत नव्हतं. मान खाली घालून तो उतरला. त्या मातीत पुढं काही रुजलं नाही म्हणे, गवताची काडीसुद्धा. पोरांनी मळा पुन्हा उभा केला तो त्या ढिगाच्या भोवतीनं.

आजही या शाळेत पाहुण्याला शाल नाही, नारळ नाही. आमदार असो की कलेक्टर, त्यानं वहाळावरून पाटीभर माती आणायची आणि या आळ्यात ओतायची. मुलं रांगेत उभी असतात, टाळ्या कुणी वाजवत नाही. सगळ्यांत धाकटी मुलगी पुढं येते आणि विचारते, "बी आणलंत?" पाहुण्यानं "नाही" म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हसत म्हणालात, तर ती परत विचारते.